एस्तेरबाईंचा दुपारचा चहा

मिरजगावच्या एस्तेरबाई साळवे निवृत्त शिक्षिका. संधिवात जुना. त्याची औषधं डॉक्टरांची, पण झोपेचं दुखणं बाईंनी स्वतःच्या हातात घेतलेलं. मुलानं पुण्याहून मॅग्नेशियमच्या गोळ्या पाठवल्या आणि त्यांना गाढ झोप लागायला लागली. सकाळी बोटंही कमी आखडत. झालं, रविवारी चर्च सुटल्यावर भेटेल तिला बाई गोळीचं नाव सांगू लागल्या. तिघींनी मागवल्याही.

त्यांचे यजमान दानियलराव एवढंच म्हणाले, "अगं, लेंटचे उपवास लागल्यापासून तू दुपारचा चहा सोडलायस. झोप त्यानं येतेय."

"तुम्हाला माझं काही पटलंय का कधी?"

ईस्टर झाला, उपवास संपला. बाईंनी दुपारी दोन कप कडक चहा घेतला, रात्री नेमानं गोळीही घेतली आणि उजाडेपर्यंत कूस बदलत राहिल्या. आठवडाभर तेच. बोटं पुन्हा आखडली. दानियलरावांनी नुसतं चहाच्या कपाकडे पाहिलं, ते बाईंना जास्त लागलं.

पण फळ्यावर चुकलं तर वर्गासमोर पुसणारी बाई ती. पुढच्या रविवारी तिघींना गाठून म्हणाल्या, "मला झोप लागत होती ती चहा सोडल्यानं. गोळीचं मी उगाच सांगितलं."

त्यातली शांताबाई म्हणाली, "बाई, गोळी सोडा म्हणा, आज सोडते. चहा न्हाई सुटायचा."

"मग बस जागी," म्हणून बाई घरी आल्या.

त्या दुपारी दानियलरावांनी, न विचारता, चहाला स्वतःपुरतं एकाच कपाचं आधण ठेवलं.