पाण्याची शिट्टी

धम्मानंद रामटेके यांचं आयुष्य बॉयलरपुढे गेलं. आधी कापडगिरणीत आणि ती बंद पडल्यावर वाडीच्या एका तेल कारखान्यात. मानेवाड्यात त्यांच्या आणि माझ्या अंगणामध्ये एकच भिंत. ते घरी असले की टीव्हीवरच्या बातम्या मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येत. त्यांच्या पत्नी सिंधूताईंना मी एकदा तसं म्हटलं.

"बॉयलरवाल्याची बायको हळू बोलून काय करीन, मॅडम?" त्या म्हणाल्या. "माझा गळा उगाच नाही फाटला."

निवृत्तीनंतर रामटेक्यांना काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्याच हिवाळ्यात ते टेम्पोत घालून होडी घेऊन आले.

तेल कारखान्याचे मालक मधुसूदन यांच्या वडिलांनी ती हौसेने बनवून घेतली होती. लहानशी, दोन्ही बाजूंना रहाटासारखी चाकं, मध्ये ड्रमाएवढा बॉयलर. कोळसा पेटवून वाफ केली की चाकं पाणी कापत होडी पुढे नेत. वडील गेल्यावर ती शेतावर पालथी पडून होती.

"हे काहून आणलं?" सिंधूताईंनी विचारलं.

"चालवाले."

"दिसते का तुम्हाले?"

"दिसते तोवरच तं चालवाचं आहे."

जन्मभर त्यांनी दुसऱ्याच्या यंत्रासाठी वाफ केली होती. अंधार पडण्याआधी एकदा आपल्या वाफेवर, आपल्या हाताने, तलावाला एक फेरी मारायची होती. एवढंच. पण त्या एवढ्यासाठी ते वर्षभर अंगणात बसले. गंजलेल्या नळ्या काढून नव्या घातल्या. चाकांच्या कुजलेल्या पट्ट्या सागवानाच्या केल्या, आणि जुन्या पट्ट्या पाण्यावर नुसत्या थापट्या मारत म्हणून नव्या जरा तिरप्या बसवल्या. वर्ष सरता सरता ते सांधे बोटांनी तपासू लागले होते.

अडलं ते काचेपाशी. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते बाहेरच्या काचेच्या नळीत दिसतं. पाणी संपलं आणि आग चालू राहिली तर अनर्थ. ती काच आता त्यांना दिसेना. मग त्यांनी बॉयलरच्या आत एक पोकळ गोळा सोडला. पाणी उतरलं की गोळा खाली येणार आणि त्याची दांडी एका शिट्टीचं तोंड उघडणार.

"डोळ्याचं काम कानाले देल्लं," ते मला म्हणाले.

अंगणातच विटांवर बॉयलर ठेवून त्यांनी शिट्टीची परीक्षा घेतली. मी भिंतीअलीकडे दोन्ही कानांवर हात ठेवले. सिंधूताई घरातून धावत आल्या.

"अवं माय! कुकर फुटला का काय?"

"वाजली ना?"

"तुम्हाले नाही आली ऐकू?"

"आली ना. बारीक आली."

त्यांची मुलगी भावना खापरखेड्याहून येऊन सांगून गेली, "बाबा, एकटे नका बसू." ते म्हणाले, पहिल्या वाफेवर दुसऱ्याचा जीव बसवत नाहीत, असा नेम आहे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मधुसूदन यांच्या शेतामागच्या तलावात होडी सोडली. त्यांचे पाहुणे मोबाइल उंचावून काठावर उभे होते. रामटेक्यांनी कारखान्याचा खाकी शर्ट घातला होता. चाकं फिरली, इंजिनाचा खडखडाट सुरू झाला आणि होडी सरळ निघाली. सिंधूताईंनी पदर तोंडाला लावला.

होडी तलावाच्या मध्यावर असताना शिट्टी वाजली.

काठावर टाळ्या पडल्या. "वा काका! अजून एक बार!" कुणीतरी ओरडलं. शिट्टी थांबली नाही, तशा टाळ्याही वाढल्या.

"अवो, ते पाण्याची शिट्टी आहे!" सिंधूताई पाण्यात उतरल्या. "आग बाहेर ओढा! आयकता का! आग ओढा!"

खडखडाटात रामटेक्यांना ना शिट्टी ऐकू आली, ना ती हाक. काठावर हात हलताना तेवढे दिसले असावेत. त्यांनीही हात हलवला.

तलावातलं पाणी बॉयलरमध्ये चढवणाऱ्या पंपाच्या जाळीत शेवाळ अडकलं होतं, हे मागाहून कळलं. बॉयलरला तळाशी शिशाची डाट, म्हणजे बूच, असते. पाणी संपलं की ती वितळते आणि वाफ आगीवर येऊन आग विझवते. तिने तिचं काम केलं. बॉयलर फुटला नाही. पण त्या वाफेच्या जोराने भट्टीचं दार उघडलं गेलं, आणि त्याच्यासमोर ते बसले होते.

इस्पितळात ते शुद्धीवर होते. डोळ्यांवर पट्टी होती.

"सिंधू," त्यांनी विचारलं, "शिट्टी वाजली होती का वं?"

"नाही बाबा," भावना घाईने म्हणाली.

सिंधूताईंनी तिचा हात बाजूला केला. त्यांच्या कानाशी वाकून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "वाजली! साऱ्या तलावाले ऐकू आली!"



"मंग बरोबर बसली होती," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते गेले. होडी पुन्हा शेतावर पालथी आहे.

भिंतीपलीकडचा टीव्ही आता मला ऐकू येत नाही. सिंधूताईंना मात्र हळू बोलायला अजून जमत नाही.