आत्या पालथी झोपून ऐकायची

माझ्या आत्याचं कपडे आल्टर करायचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. मशीन, आरसा आणि भिंतभर दोऱ्यांची रिळं. लोकांच्या पँटी आखूड करण्यात तिचा जन्म गेला. गोष्टीचं पुस्तक तिने कधी हातात धरलं नाही. तरी मी लेखिका झाले ती तिच्यामुळेच.

त्या वर्षी माझ्या कथा मासिकांकडून एकापाठोपाठ साभार परत येत होत्या. कंटाळून मी लिहिणं सोडलं. त्याच सुमारास आत्याच्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं, काही दिवस पालथं झोपायचं, मान वर करायची नाही. तिच्यासारख्या बडबड्या बाईला ही शिक्षाच.

"काहीतरी वाच गं," हॉस्पिटलच्या खाटेवर उशीत तोंड खुपसून ती म्हणाली.

पिशवीत परत आलेली एक कथा तेवढी होती. तिला नीट ऐकू जावं म्हणून मी खाटेशेजारी फरशीवर बसकण मारली. कथेतला लिफ्टमन बायकोशी भांडून कामाला निघतो, इथवर आले आणि आत्या म्हणाली, "थांब. डबा घेतला का त्याने?"

"कुणी?"

"अगं, तुझ्या लिफ्टमनने. दिवसभर खाणार काय तो?"

त्याच्या एकटेपणावर मी पानंच्या पानं लिहिली होती, पण तो उपाशी असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बायको डबा पाठवेल," शेजारच्या खाटेवरून आवाज आला. तिथे एक बस ड्रायव्हर तसेच पालथे पडले होते.

"छे! मानी आहे ती," आत्या म्हणाली.

एकमेकांचं तोंडही न पाहता दोघं हिरिरीने वाद घालू लागले. थेंब घालायला आलेली नर्सही रेंगाळली. मी मनाने रचलेल्या माणसांची कुणीतरी काळजी करत होतं!

शेवटी लिफ्टमन मरतो, हे ऐकल्यावर मात्र आत्या भडकली. "उगाच मारलास त्याला. पुढचं सुचलं नाही म्हणून."

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. "फाडूनच टाकते," मी म्हटलं.

"बाही चुकली म्हणून अख्खा शर्ट फेकतात का? तेवढी उसव, पुन्हा लाव. आणि उद्याच आण. हे ड्रायव्हर परवा घरी जातील."

दुसऱ्या दिवशी मी नवा शेवट वाचला. बायको डबा घेऊन येते. बोलणं होत नाही. ती नुसतीच त्याच्याबरोबर लिफ्टमधून वरखाली करत राहते. ड्रायव्हरांनी नाक ओढलं.

"रडू नका हो," आत्या ओरडली, "डोळा नुकताच दुरुस्त केलाय!" तिचा स्वतःचा आवाज घोगरा झाला होता.

ती कथा छापून आली. आत्याची नजर पूर्ण परतली नाही, दुकान बंद करावं लागलं. पण ती होती तोवर माझी प्रत्येक कथा आधी तिने ऐकली. नव्याने लिहिणारे मला युक्त्या विचारतात, तेव्हा मी सांगते, पुढे काय झालं हे विचारल्याशिवाय न राहणारं एक माणूस शोधा, आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवा.

परवा बँकेतली एक कॅशियर आपली कथा घेऊन आली. असं ऐकणारं आपल्याला कुणीच नाही, म्हणाली. मी पंखा बंद केला, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि म्हटलं, "वाच."