घरच्यासारखी

"हिला त्या टोकाला उभी करा. शी इज अवर नॅनी," काकू गाईडबाईंना म्हणाल्या.

गाईडबाई खूश झाल्या. त्यांनी पेटीतून एक पांढरा ॲप्रन काढला, झालरीचा, कडक इस्त्रीचा, आणि माझ्यापुढे धरला. माझ्या कडेवर काकूंचं आठ महिन्यांचं बाळ होतं. एका हाताने नाडी बांधता येईना. मग काकूंनीच मागून गाठ मारली. घट्ट.

मी मारू दिली. हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं वाचून मी शूर होते असं वाटायचं.

हवाईतल्या एका बेटावरचं ते जुनं घर. धर्मप्रचाराला आलेल्या एका गोऱ्या कुटुंबाचं. पुढे त्यांच्या मुलांनी उसाचे मळे केले. आता तिथे तिकीट काढून टूर असते. गाईडबाई त्याच घराण्यातल्या, पाचव्या पिढीच्या. पूर्वजांना ही जमीन मिळाली, मग ती मिळाली, असं त्या सांगत होत्या. आधी ती कुणाची होती, ते एकदाही आलं नाही.

शेवटी एक गंमत होती. व्हरांड्यात त्या कुटुंबाचा जुना फोटो टांगलेला. पाहुण्यांनी त्याच पायऱ्यांवर तसाच फोटो काढून घ्यायचा. मधे खुर्चीत मालक, शेजारी मालकीण, पायरीवर मुलं, खुर्चीपाशी कुत्रा. आणि टोकाला, खांबाच्या सावलीत, बाळ घेतलेली एक मुलगी. बाळाचा चेहरा स्पष्ट. तिचा अर्धाच.

काकांना हॅट मिळाली. काकूंना जाळीची छत्री. पाच वर्षांच्या आर्याला रिबन. मला ॲप्रन.

मी अमेरिकेत ॲन आर्बरला पीएचडी करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. उन्हाळ्यात माझं फंडिंग थांबतं, खोली सोडावी लागते. म्हणून कुणाच्या तरी ओळखीने नेपरव्हिल नावाच्या गावी या काका-काकूंकडे आले. दोघंही पुण्याची, आयटीत. मला बेसमेंटमधली खोली, आणि मुलांकडे जरा बघायचं. जरा म्हणजे सकाळी सातपासून बाळ झोपेपर्यंत. सुट्टीत हवाईला जातानाही त्यांनी मला त्यासाठीच बरोबर नेलं. "संकोच करू नकोस हं, तू आम्हाला घरच्यासारखीच," काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या. मला खरंच बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा. म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?" मी अकोला म्हटलं. त्यांना अकोला ऐकायचं नव्हतं, हे आम्हा दोघींनाही कळलं. दुसऱ्या दिवशी मी हॉल पुसत पुसत देवघराच्या कपाटापर्यंत गेले, तर म्हणाल्या, "राहू दे, देवाचं माझं मी बघते." आवाज अगदी गोड. भांडी, डबे, डायपर मात्र माझ्याकडेच राहिले.

मराठी लोकांत त्या माझी ओळख 'पीएचडी करते, आमच्याकडेच असते' अशी करून द्यायच्या. जरा अभिमानानेच. माझ्यासाठी नॅनी हा शब्द मी त्या घराच्या पायऱ्यांवर पहिल्यांदा ऐकला.

गाईडबाईंनी काकूंच्या फोनवर पहिला फोटो काढला. आर्या हलली होती. काकूंनी फोन घेऊन बघितला, परत काढू या म्हणाल्या. तेवढ्या वेळात मी भिंतीवरच्या जुन्या फोटोतल्या त्या मुलीकडे बघत होते. सहज विचारलं, हिचं नाव काय होतं?

कुत्र्याचं नाव गाईडबाईंनी आधीच सांगितलं होतं. हिचं कुठे नोंदलेलं नाही म्हणाल्या. जपानहून मळ्यावर आलेल्या मजुरांपैकी कुणाची तरी मुलगी असावी. मग माझ्या दंडावर हात ठेवून, अगदी मनापासून, म्हणाल्या, "बट शी वॉज लाइक फॅमिली."

हे वाक्य मला पाठ होतं. मराठीत.

माझी आई अकोल्यात एका डॉक्टरांकडे बावीस वर्षं धुणंभांडी करते. त्यांच्या मुलीच्या लग्नाला तिला घरच्यासारखी ये म्हणून सांगितलं. आई ठेवणीतली जांभळी साडी नेसली. मी बारा वर्षांची, तिच्याबरोबर. हॉलमध्ये शिरताच डॉक्टरीणबाईंनी तिला मागच्या बाजूला नेलं. कपबश्या विसळायला माणूस कमी होतं. आईने पदर खोचला. घरच्या सगळ्यांचा फोटो निघत होता, तेव्हा ती कपांचा ट्रे घेऊन मागून चालली होती. फोटोग्राफर म्हणाला, "ओ मावशी, बाजूला व्हा."

घरी येऊन आई शेजारणीला सांगत होती, मला अगदी घरच्यासारखं वागवतात.

त्या वाक्याचा मला कित्येक वर्षं राग होता. आईचा राग होता. त्या व्हरांड्यात मात्र तो येईना. कारण गेले सहा आठवडे मीही फोनवर आईला तेच सांगत होते.

सारखी. म्हणजे घरची नाही. आणि कामाचीही म्हणायचं नाही, कारण मग कामाचे तास ठरवावे लागतात.

"चला, वन मोअर," काकू म्हणाल्या.

मी पायरी उतरले. बाळ त्यांच्यापुढे धरलं. त्यांच्या एका हातात छत्री, दुसऱ्यात फोन. काय खाली ठेवावं ते त्यांना सुचेना. मी तशीच उभी राहिले. शेवटी त्यांनी छत्री ठेवली.

"काकू, मी या फोटोत उभी राहणार नाही."

"अगं, गंमत आहे. इश्यू कशाला करतेस?"

"मग ॲप्रन तुम्ही घाला."

"बट ताई, यू आर सपोज्ड टू बी देअर," आर्या म्हणाली. खांबाकडे बोट दाखवून. पाच वर्षांची पोर. कुणाची जागा कुठे, हे तिला कळलं होतं. कुणी शिकवलंही नव्हतं.

काका खुर्चीतून उठले नाहीत. आवाजही चढवला नाही. "परत गेल्यावर राहणार कुठे, याचा विचार केलायस का?"

केला नव्हता. ऑगस्ट संपेपर्यंत मला दुसरं छप्पर नाही, हे त्यांना माहीत होतं.

"नाही केला. पण तुमची खोली सोडते."

ॲप्रनची गाठ सुटेना. ओढली, तर नाडीच तुटली. मी तो गाईडबाईंच्या हातात दिला.

परतल्यावर बेसमेंटमधलं सामान उचललं आणि उरलेला उन्हाळा मी ॲन आर्बरला लॅबमधल्या एका मुलीच्या हॉलमध्ये जमिनीवर झोपून काढला. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "एवढ्याशा गोष्टीसाठी राहतं घर सोडलंस?" तिला उत्तर म्हणून हे लिहिलं.

तो पहिला फोटो काकूंच्या फोनमध्ये असेल. खांबाच्या सावलीत मी, ॲप्रन बांधलेली. असू दे. दुसरा निघाला नाही, आणि निघणार नाही. यापुढे कुणाचं काम करीन, तर कामाची म्हणून करीन, तास ठरवून, आडनाव आधी सांगून. घरच्यासारखी म्हणून कुणाच्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही.

आईला वाचता येत नाही. हे मी तिला फोनवर वाचून दाखवणार आहे. सकाळी, ती डॉक्टरांकडे निघायच्या आधी.