अर्धी पट्टी खाली

दिवाकररावांना अलीकडे तिसरा शनिवार जिवावर यायचा. चोवीस वर्षं त्यांच्या वसईच्या घरी, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर, दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता बैठक भरत होती. बैठक म्हणजे रेकॉर्ड ऐकायची आणि मग तिच्यावरून तासभर भांडायचं. विषय इंग्लिश क्लासिकल आणि ऑपेरा. बिल्डिंगवाले ह्याला किंचाळ्यांचा शनिवार म्हणतात हे दिवाकररावांना ठाऊक होतं. पूर्वी राग यायचा. आता वाटायचं, म्हणेनात का.

एके काळी खोलीत सात-आठ माणसं असत. चपलांनी दार उघडेना. आता उरले होते तिघे: स्वतः दिवाकरराव, वय चौऱ्याहत्तर, मुंबईच्या एका कंपनीतून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त, विरारहून येणारे केमिस्ट्रीचे निवृत्त प्राध्यापक आत्माराम, आणि बोटीवर स्टुअर्डची नोकरी करून जग बघून आलेले सॅन्टन. तिघांची सगळी मतं तिघांना पाठ होती. आत्माराम म्हणणार, मोनो रेकॉर्डिंगमध्ये जो जीव आहे तो स्टिरिओत नाही. सॅन्टन म्हणणार, थिएटरात प्रत्यक्ष भरलेली रेकॉर्ड तीच खरी. एका रेकॉर्डवर दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला प्रेक्षकांत कुणीतरी खोकतं, तर सॅन्टन तो खोकला यायच्या आधी बोट वर करून सगळ्यांना सावध करायचे. चोवीस वर्षं तो माणूस खोकत होता आणि चोवीस वर्षं सॅन्टन बोट वर करत होते. मालनताई, म्हणजे दिवाकररावांच्या पत्नी, एकदा स्वयंपाकघरातून म्हणाल्या होत्या, "त्याला एकदा आल्याचा काढा तरी द्या कुणी."

आणि दिवाकरराव काय म्हणणार, तेही ठरलेलं. ते बाईंबद्दल बोलणार.

बाई म्हणजे एक इंग्रज गायिका. नाव मोठं होतं, पण ह्या घरात तिला सगळे नुसतंच बाई म्हणत. दीपगृहाच्या रखवालदाराच्या बायकोवरचा एक इंग्लिश ऑपेरा आहे. त्यात शेवटच्या अंकात, नवरा बुडाल्याचं कळल्यावरही ती जिना चढून दिवा लावते आणि गाते. ह्या गाण्याच्या डझनभर रेकॉर्डी निघाल्या असतील. दिवाकररावांच्या मते त्यांतली एकच खरी, बाईंची. एका परदेशी वकिलातीच्या लायब्ररीने जुन्या रेकॉर्डी काढून टाकल्या, तेव्हा त्यांनी त्या ढिगातून ती निवडली होती. "बाकीच्या सगळ्या गाणं उरकतात," ते सांगायचे. "बाई एकेक पायरी चढतात. पाय जड झालेत, हे तुम्हाला ऐकू येतं. आणि आवाज बघा, कसा खाली, छातीतून येतो." आत्माराम फोनवर दुसऱ्या गायिका लावून दाखवायचे. त्या जलद असत आणि वरच्या पट्टीत असत. दिवाकररावांकडे त्याचंही उत्तर होतं. नंतरच्या गायिका टाळ्यांसाठी पट्टी चढवतात, बाईंनी तो मोह टाळला. ह्या मुद्द्यावर त्यांनी एका संगीत मंडळाच्या वार्षिकात पाच पानी लेख लिहिला होता. तो छापून आला, त्या वर्षी ते बिल्डिंगमध्ये जरा ताठ चालायचे.

ह्या बाईंच्याच पायी सात वर्षांपूर्वी फ्रेडरिक बैठक सोडून गेले.

फ्रेडरिक जवळच्या गिरीज गावचे. टेलिफोन खात्यात नोकरी, घरची केळीची वाडी, आणि एकतीस वर्षं गावच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांचा कॉयर बसवायचे आणि पेटी वाजवायचे. बैठकीत ते फार बोलत नसत. त्या दिवशी बाईंचं गाणं संपल्यावर मात्र म्हणाले, "दिवाकरराव, मला राहून राहून वाटतं, ही अर्धी पट्टी खाली आहे. बाई नव्हे, मशीन. पुढच्या वेळेला माझा छोटा कीबोर्ड आणतो, ताडून बघू."

दिवाकररावांच्या डोक्यात तिडीक गेली. लेख छापून येऊन दोनच महिने झाले होते. ते हसले आणि म्हणाले, "फ्रेडरिक, लग्नामयताला पेटी ठोकणाऱ्याने ऑपेराला पट्टी शिकवायची म्हणजे कमालच झाली." आत्माराम हसले. फ्रेडरिकच्याच समाजातले सॅन्टनसुद्धा हसले. फ्रेडरिकही किंचित हसल्यासारखे दिसले, त्यांनी चहा संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि गेले. पुढच्या बैठकीला आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. दिवाकररावांना वाटलं, येतील आपोआप. मग कोरोना आला, मग गुडघे गेले, आणि गिरीज रिक्षाने वीस मिनिटांवर असूनही सात वर्षं लांब गेलं.

ह्या जानेवारीत मशीनच्या एका बाजूचा आवाज गेला. नालासोपाऱ्याहून सुरज नावाचा मेकॅनिक आला. चाळिशीचा, अबोल माणूस, जुने अँप्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यांतला एक. तुटलेली वायर त्याने दहा मिनिटांत जोडली. मग सवयीने बॅगेतून रेषा छापलेली कागदाची एक चकती काढली, ती फिरत्या तबकडीवर ठेवली आणि वर एक लहानसा दिवा धरला.

"काका, बघा. स्पीड बरोबर असला तर ह्या रेषा जागच्या जागी दिसतात."

रेषा हळूहळू मागे सरकत होत्या.

"स्लो आहे. शंभराला सहा तरी स्लो. आधी कोणी खोललेली का?"

"कधीच नाही," दिवाकरराव म्हणाले. "दुबईहून परतलेल्या एका साहेबाकडून घेतली, तेव्हापासून कुणाला हात लावू दिला नाही."

"मग तुमच्याकडे आली तशीच आहे." सुरजने मशीन उलटी करून मोटरमधला एक बारीक स्क्रू फिरवला. रेषा थांबल्या. "आता लावा काय ते."

दिवाकररावांनी बाईंची रेकॉर्ड लावली. सुई टेकली, वाद्यं सुरू झाली, आणि बाई गायला लागल्या. आवाज वर गेला होता, पातळ झाला होता. पायऱ्या त्या भराभर चढत होत्या. चांगलंच गात होत्या, त्यात काही खोट नव्हती. आत्मारामांच्या फोनवरच्या इतर बायका गातात तशाच गात होत्या.

"ही कोण नवीन?" मालनताईंनी आतून विचारलं.

दिवाकररावांनी कव्हर उलटं केलं. मागे बारीक अक्षरांत प्रत्येक गाण्याचा वेळ छापला होता. ह्या गाण्यासमोर नऊ मिनिटं दहा सेकंद. आयुष्य पट्टी-पेन्सिलीत गेलेला माणूस, मिलिमीटरच्या चुकीवरून ज्युनिअरांना झापणारा, पण हा आकडा घड्याळाशी ताडून बघावा असं त्यांना कधी सुचलं नव्हतं. सुरज गेल्यावर त्यांनी ताडला. नऊ मिनिटं दहा सेकंद. सेकंदाचाही फरक नाही.

जाताना सुरजने दारात विचारलं होतं, "काका, पहिल्यासारखी करून पाहिजे तर करून देतो. काही लोकांना सवय असते." दिवाकरराव नको म्हणाले. बरोबर ते बरोबर.

पण पुढचे चार-पाच दिवस त्यांना घरात करमेना. रोज दुपारी ते गाणं लावायचे आणि रोज मध्येच बंद करायचे. ज्या बाईंवर त्यांनी पाच पानं लिहिली होती, आई गेली तेव्हा ज्यांचं गाणं ऐकत ते भिंतीकडे बघत बसून राहिले होते, त्या बाई जगात कधी नव्हत्याच. एका स्क्रूने तयार केल्या होत्या. ह्या वयात कुणाचं सुतक धरावं तर तेही धरता येईना.

"मला ते गाणं नेहमी लांबल्यासारखं वाटायचं," मालनताई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "पण म्हटलं, आपल्यालाच कंटाळा येत असेल." मग त्यांच्याकडे न बघता, "फ्रेडरिक हेच सांगत होते ना?"

"हो."

"मग जाऊन या."

"फोन करतो."

"अहो, फोनवर काय सांगणार? जाऊन या."

गुरुवारी सकाळी ते रेकॉर्डचं कव्हर पिशवीत घालून रिक्षाने गिरीजला गेले. गुडघे ठणकत होते. वाटेत त्यांनी काय बोलायचं ते तीनदा जुळवलं. फ्रेडरिक मोठ्या मनाचे आहेत, हसतील, म्हणतील मी सांगत होतो. मग शनिवारी येतील. चौघे झालो तर बैठक अजून काही वर्षं ओढता येईल, असाही एक हिशेब मनात होताच. नाही कशाला म्हणा.

घर सापडलं. पुढच्या पडवीत फ्रेडरिक केळीच्या पानांचा गठ्ठा बांधत बसले होते. अंगाने वाळले होते. त्यांनी दिवाकररावांना ओळखलं, उठले, खुर्ची पुढे केली. आत बघून आपल्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाले. ती बोली इतकी वर्षं वसईत राहूनही दिवाकररावांच्या कधी कानात बसली नव्हती. त्यांच्या पत्नी कॅरल पाणी घेऊन आल्या, "बऱ्याच दिवसांनी वाट चुकलात," म्हणाल्या आणि उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

दिवाकररावांनी कव्हर काढलं आणि सुरुवात केली. वायर तुटल्यापासून. सुरजची चकती, मागे सरकणाऱ्या रेषा, मोटरमधला स्क्रू, नऊ मिनिटं दहा सेकंद. "माझ्या मशीनवर तेच गाणं जवळजवळ पावणेदहा मिनिटं चालत असणार. मी आकडेमोड केली. शंभरात सहाचा फरक म्हणजे बरोब्बर अर्धी पट्टी. तुम्ही एका बैठकीत, नुसत्या कानाने ओळखलंत. तुमचं बरोबर होतं, फ्रेडरिक. हेच सांगायला आलो."

फ्रेडरिकनी कव्हर हातात घेतलं, मागचा आकडा वाचला, परत दिलं. "असं होय," ते म्हणाले. आणि पुन्हा पानांचा गठ्ठा आवळायला लागले.

दिवाकररावांना वाटलं, नीट कळलं नसेल. त्यांनी स्क्रूचं पुन्हा सांगितलं. मग विचारलं, "कॉयर काय म्हणतो?"

"सोडला."

"कधी?"

"झाली की सात वर्षं."

उंबऱ्यावरून कॅरल म्हणाल्या, "पेटी पण चर्चला देऊन टाकली. मी विचारलं का, तर म्हणतात, आता माझ्या हाताला ती ठोकल्यासारखी लागते."

वाडीत पाटाचं पाणी सोडलेलं होतं, त्याचा तेवढा आवाज येत होता. दिवाकररावांनी पिशवीचे बंद उगाच गुंडाळले, सोडले. त्यांना आता नीट आठवत होतं. खोली, चहा, आणि फ्रेडरिकचा चेहरा. एकतीस वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नाला ज्या माणसाने वाजवलं, प्रत्येक मयताला ज्याने वाजवलं, त्याला आपण काय म्हणालो, हेही आठवत होतं. सात वर्षं ते पट्टीचं भांडण समजून चालले होते. आजही पट्टीचाच निकाल घेऊन आले होते.

"त्या दिवशी सगळे हसले," फ्रेडरिक हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "सॅन्टनपण. तो तर माझ्याच हाताखाली कॉयरमध्ये गायलेला. मी घरी येईपर्यंत विचार करत होतो, पहिला कोण हसला."

दिवाकररावांना वाटलं, म्हणावं की आठवत नाही. वयाला ते शोभलंही असतं.

"मी," ते म्हणाले. "मी पहिला हसलो. बोलायच्या आधीच हसलो. तुमचं बरोबर असेल अशी मला तेव्हाच भीती वाटली होती, म्हणून बोललो. त्या बोलण्याची मला लाज वाटते, फ्रेडरिक."

फ्रेडरिकनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मग हे सांगायचं ना," ते म्हणाले. "तासभर स्क्रूचं काय सांगत बसलात."