आईच्या दाराचं कुलूप

गल्लीत त्याला अंगठेबहाद्दर म्हणत. त्याला लिहिता-वाचता उत्तम येत होतं, पण धंदाच तसा होता. कचेऱ्या, गोदामं, दवाखाने, जिथे म्हणून दारावर बोटाचा ठसा ओळखणारं मशीन बसवायचं असे तिथे तो जायचा. वायरी ओढायच्या, कुलूप बसवायचं आणि मग ओळीनं उभ्या राहिलेल्या माणसांना "अंगठा द्या, उचला, पुन्हा द्या" असं दिवसभर म्हणत बसायचं. या नावाला तो स्वतःही हसायचा. पण वृद्धाश्रमाच्या मुख्य दाराशी स्टुलावर चढून त्यानं चौकटीला ड्रिल लावलं, त्या दिवशी त्याला कुणी त्या नावानं हाक मारली असती तर त्यानं ड्रिल फेकून मारलं असतं. या दाराच्या आत त्याची आई राहत होती, आणि तिला बाहेर पडता येऊ नये म्हणूनच हे मशीन बसत होतं.

आईचं विसरणं आधी नावांपासून सुरू झालं, मग रस्ते गेले, मग दिवस-रात्र. बायको शिवणकामाच्या कारखान्यात, मुलगी शाळेत, तो स्वतः कुठल्या तरी शिडीवर. घरात आईपाशी थांबणार कोण? शेजारच्या काकूंनी काही दिवस लक्ष ठेवलं आणि मग हात टेकले. आई गॅस चालू ठेवून बाल्कनीत जाऊन बसायची. दोनदा चपला न घालता मोठ्या रस्त्यावर सापडली. शेवटी एके दिवशी त्यानं मन घट्ट केलं, तिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावलं आणि कामावर गेला. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा ती दारालाच टेकून बसलेली होती. ओरडून ओरडून आवाज गेलेला, नखं तुटलेली. त्यानं कानाला खडा लावला, आईला पुन्हा कोंडायचं नाही. वृद्धाश्रम आला तो त्यानंतर. निदान तिथे मोकळा व्हरांडा होता, माणसं होती.

पण आई तिथूनही निघून जायची. फाटक उघडं दिसलं की चालू लागायची. दुसऱ्यांदा तिला शोधून आणल्यावर व्यवस्थापिका मॅडमनी त्याला खोलीत बोलावलं. बाई वाईट नव्हती, थकलेली होती.

"हे बघा, माझ्याकडे बाकीची माणसंही आहेत. एका बाईमागे दोन आया धावत राहिल्या तर इतरांना कोण बघणार? आणखी एकदा असं झालं तर तुम्हाला त्यांना घरी न्यावं लागेल."

घरी म्हणजे कुठे, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. पुन्हा तेच दार, तेच कुलूप, तीच नखं. म्हणून तोंडातून निघून गेलं, "मी दाराला मशीन बसवून देतो."

कुलूप चुंबकाचं होतं. चौकटीवर वजनदार चुंबक, दारावर लोखंडी पट्टी. करंट चालू आहे तोवर पैलवानानं ओढलं तरी दार हलत नाही, आणि करंट गेला की ते साधं दार होतं. यातली ही चांगली गोष्ट तो प्रत्येक गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगायचा, की वीज जाऊ दे नाहीतर आग लागू दे, माणूस आत अडकत नाही. एरवी तो आतल्या बाजूला बाहेर पडायचं बटण लावतो. इथे बटण लावून उपयोग नव्हता, आजी-आजोबांनी ते दिवसभर दाबलं असतं. म्हणून आत एक आणि बाहेर एक अशी दोन मशीनं लावली. वीज गेल्यावर कुलूप धरून ठेवणारी बॅटरी मात्र त्यानं बसवली नाही. कुलपाला वीज पुरवणाऱ्या डब्यात तिची जागा रिकामी ठेवली आणि मॅडमना म्हणाला, "ती नंतर बसवू." खरं सांगायचं तर दिवे गेल्यावरही न सुटणारं दार आपल्या हातानं आईसमोर उभं करायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तेवढी एक फट राहू दे, असं त्याला वाटलं.

कामाच्या शेवटी कर्मचाऱ्यांचे ठसे घ्यायला बसला. धुणीभांडी करून थोरल्या आयाची बोटं इतकी गुळगुळीत झालेली की मशीन काही केल्या मानेना. "इतकी वर्षं राबले, आता हे डबडंसुद्धा मला ओळख देत नाही," ती म्हणाली. सगळी हसली. अखेर डाव्या हाताची करंगळी चालली. तिच्यामागे ओळीत आई येऊन उभी राहिली होती. रांग दिसली की उभं राहायचं, ही तिची जन्माची सवय.

"माझाही घ्या, मिस्त्री," ती म्हणाली आणि अंगठा पुढे केला.

मॅडमनी लांबूनच नको म्हणून मान हलवली. त्यानं आईचा अंगठा काचेवर टेकवला, मशीननं टुंई केलं, आणि त्यानं तो ठसा न साठवताच म्हटलं, "झालं, आई."

"हात हलका आहे तुमचा," ती समाधानानं म्हणाली आणि व्हरांड्याकडे निघून गेली. त्यानंतर बराच वेळ त्याला स्क्रू धड पिळता येईना.

काही दिवस बरे गेले. बायकोनं कितीतरी महिन्यांनी घरात गाणं गुणगुणलं. आणि मग एका दुपारी तो एका गोदामात शिडीवर असताना मॅडमचा फोन आला. "तुमचं मशीन बंद पडलंय. दार सताड उघडं आहे. आणि आई नाहीत."

हत्यारं तिथेच टाकून तो स्कूटरवर बसला. बागा पाहिल्या, बसचा थांबा पाहिला, दवाखान्याच्या पायऱ्या पाहिल्या. भेटेल त्याला मोबाइलवरचा फोटो दाखवत सुटला. लोक मान हलवत आणि पुढे जात. एका चौकात गर्दी दिसली तेव्हा त्याच्यानं स्कूटरवरून उतरवेना. गर्दीत कुणाचं तरी भांडण चाललं होतं. आई नव्हती.

ती सापडली पार पुलापलीकडे, एका टायरवाल्याच्या दुकानात, आडव्या ठेवलेल्या टायरवर बसलेली. केस नीट विंचरलेले, हातात पिशवी, कोपर सोलवटलेलं. टायरवाला म्हणाला, "ट्रकच्या पुढ्यातच आल्या होत्या, दादा. मी ओढलं म्हणून. ड्युटीला उशीर होतोय म्हणत होत्या." आई उमेदीत एका लाँड्रीत इस्त्री करायची. ती लाँड्री बंद पडूनही जमाना झाला होता. त्यानं टायरवाल्याचे हात धरले, बोलायला गेला आणि रस्त्यावरच हुंदके देऊ लागला. आईनं त्याच्या पाठीवर थोपटलं, जसं कुणाही अनोळखी माणसाच्या पाठीवर थोपटतात.

तिला आश्रमात आणून निजवलं आणि तो मशीनकडे वळला. मशीन काळंठिक्कर पडलेलं. त्यानं झाकण काढलं, वायरी ओढून पाहिल्या, मीटर लावून जोड तपासले. सगळं ठीक. मॅडम मागे हाताची घडी घालून उभ्या. आया आपापसांत कुजबुजत होत्या की माल हलका आणला असेल. घामाघूम होऊन त्यानं वर मान केली आणि तेव्हा कुठे त्याचं लक्ष दाराशेजारच्या स्विचच्या पेटीकडे गेलं. मशीनला वीज देणारा स्विच बंद होता. इतकं साधं, आणि त्यानं तेवढंच सोडून सगळं तपासलं होतं.

"याला हात कुणी लावला?"

सगळ्यांनी शपथा घेतल्या. थोरली आया म्हणाली, "आम्हाला काय ठाऊक तो कशाचा आहे?"

तो स्विचकडे बघत राहिला आणि त्याला उमगलं. आई काम करायची त्या लाँड्रीत एकदा इस्त्री चालू राहिली होती आणि अर्धं दुकान जळालं होतं. तेव्हापासून घराबाहेर पडताना मेन स्विच बंद केल्याशिवाय तिनं कधी उंबरा ओलांडला नाही. फ्रिजमधलं दूध नासायचं, बर्फाचं पाणी व्हायचं, न्हाणीघरात साबण लावलेला माणूस अंधारात बोंबलायचा, पण आई भाजीला जरी निघाली तरी खटका खाली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याची बायको काळोखात तासभर बसून राहिली होती, आणि सासूला कसं विचारावं हे तिला कळत नव्हतं. घरी तो मेन दाराला लागूनच होता, हाताच्या उंचीवर. आईनंच तो तिथे बसवून घेतला होता. आणि बाहेर पडताना हात आपोआप तिकडे जायचा, आईचाही आणि त्याचाही.

इथे पेटी कुठे बसवायची हे त्यानं मोजून-मापून ठरवलंच नव्हतं. हात गेला तिथे बसवली होती. दाराला लागून, हाताच्या उंचीवर. नाव विसरलेल्या, मुलगा विसरलेल्या बाईला तो एक खटका बरोबर आठवला. तिनं आपलं कर्तव्य केलं, करंट गेला, दार साधं झालं, आणि ती ट्रकच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

त्याला खदखदून हसू आलं. मॅडमपासून त्यानं काही लपवलं नाही. "चूक माझी आहे. बॅटरी मुद्दाम लावली नव्हती. स्विच तिच्या हाताशी मीच ठेवला."

मॅडम म्हणाल्या, "आजच्या आज दुरुस्त करा. आणि माझ्यासमोर त्यांना दाराशी आणून दाखवा. उघडलं, तर आजच घरी न्या."

त्यानं बायकोला फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "अहो, घरी आणलं तर काय करणार आहोत आपण?"

"कुणास ठाऊक."

"कुलूपच लावणार ना? मग तिथलं काय वाईट? निदान तिथे त्या एकट्या तरी नसतील." आणि थोडं थांबून म्हणाली, "तुम्हीच लावा. दुसऱ्या कुणी लावण्यापेक्षा."

त्यानं लावलं. वीज मॅडमच्या बंद खोलीतून घेतली. डब्यातल्या रिकाम्या जागेत बॅटरी बसवली. आगीची घंटा वाजली की कुलुपाचा करंट तुटला पाहिजे, म्हणून ती वायर त्यानं जोडली आणि पुन्हा पुन्हा तपासली. राहिली दाराशेजारची जुनी पेटी. ती काढायला त्यानं स्क्रूड्रायव्हर लावला आणि हात थांबवला. पेटी गेली तर आई दुसरा मेन शोधत फिरेल, स्वयंपाकघरात, जिन्याखाली, कुठेही हात घालेल. त्यानं पेटीतल्या वायरी काढून घेतल्या आणि रिकामा स्विच वर करून भिंतीवर तसाच ठेवला. जन्मभर लोकांच्या घरी लूज जोड सापडला की तो शिव्या घालायचा. आज त्यानं कशालाच न जोडलेला खटका ठेवला होता, स्वतःच्या आईला फसवायला.

दिवेलागणीला आईला जाग आली. तिला दाराशी आणावं लागलंच नाही. कोपराला पट्टी बांधलेली, तरी तिनं केस विंचरले, पिशवी घेतली आणि व्हरांड्यातून ठरल्यासारखी चालत आली. मॅडम खांबाशी उभ्या राहिल्या. तो दाराजवळ स्टुलाशेजारी उभा होता. देवा, हे दार उघडू नये, असं तो मनात म्हणत होता, आणि त्याच दमात उघडू दे असंही.

आईनं खटका खाली केला. बंद झालाय ना, म्हणून बोटानं पुन्हा दाबून पाहिला. मग दार ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. दार हललं नाही.

मॅडमनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्या आपल्या खोलीत गेल्या.

"अहो मिस्त्री," आई त्याच्याकडे वळली, "दार अडकलंय बघा."

"हो, आई. बिघडलंय ते."

"मग करा की नीट. मला जायचंय."

त्याचा अंगठा मशीनपासून वीतभर अंतरावर होता. त्यानं हात खिशात घातला. "मला नाही जमत, आई."

तिनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. राग आला नाही तिला, उलट कीव आली असावी. "असू दे, असू दे. सगळ्यांना सगळं जमत नाही. असं करा, माझ्या मुलाला बोलवा. तो याच कामातला आहे. कसलंही दार असू दे, तो आला की उघडतं."

"बोलावतो," तो कसाबसा म्हणाला.

"येईल हो तो. मी निरोप पाठवला की हातातलं काम टाकून येतो." आई भिंतीलगतच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि बाजूला सरकून जागा करून दिली. "तुम्ही तरी किती वेळ उभे राहणार? बसा."

तो तिच्याशेजारी बसला, आणि दोघंही दाराकडे बघत मुलाची वाट पाहू लागले.