ढालीचा नियम
शेंगाचटणीचा डबा उघडला की मला अजून मित्राच्या घराची ती माडी आठवते. खाली त्याच्या वडिलांचे यंत्रमाग खडखडत असायचे आणि वर आम्ही कॉलेजातले चौघं फासे टाकून राक्षसांशी लढायचो. गोष्ट सांगत खेळ मित्रच चालवायचा. त्यात दोन्ही हातांनी परशू चालवणारा एका घावात राक्षस लोळवायचा, आणि मी खेळायचे ती ढालवाली नुसती मार खात उभी असायची. उन्हाळाभर डोकं लावून मी एक नियम बसवला: ढालवालीनं शेजाऱ्यावरचा वार आपल्या ढालीवर घ्यायचा, पण त्या बदल्यात स्वतःचा वार सोडायचा. खेळ एवढा रंगला की ढाल कुणी घ्यायची यावरून भांडणं व्हायला लागली. मग पुण्याहून असे खेळ छापणारे एक गृहस्थ बघायला आले. तो नियम बघून ते खूश झाले आणि म्हणाले, "हे कुणाला सुचलं?" मी तोंड उघडायच्या आत मित्र म्हणाला, "मीच बसवलं की सर, लई दिवस लागले." बाकीच्या दोघांनी फासे गोळा करायला घेतले. नंतर जिन्यात मी त्याला अडवलं, तर म्हणाला, "अगं, तुला कुठं यात करिअर करायचंय?" पुन्हा मी तिथं गेले नाही, आणि बोलवायलाही कुणी आलं नाही. मागच्या महिन्यात भाचीनं आमचा तोच खेळ, आता छापून आलेला, माझ्यापुढं मांडला आणि ढालीचा नियम मला नीट समजावून सांगितला. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि "कळलं" म्हणाले.