सोजराबाईनं काचेवर काय बघितलं

वेल्ह्याच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावर सोजराबाई राहायची. कुठलीही गोष्ट आतून कशी असते हे बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मेंढी मेली तर कशानं मेली म्हणून ती स्वतः पोट फाडून बघायची.

१९५७च्या माघात नणंद बनाबाईच्या अंगावरून पांढरं जायला लागलं, म्हणून सोजराबाई तिला घेऊन भोरच्या दवाखान्यात गेली. तिथं महिन्यातून एकदा पुण्याहून डॉक्टरीणबाई येत. त्यांनी बनाबाईला तपासलं आणि लाकडी पट्टीवरचं काहीतरी काचेवर पुसलं.

"बाई, हे काय केलंत?" सोजराबाईनं लगेच विचारलं.

"गर्भपिशवीच्या तोंडावरचं घेतलं. तिथं कॅन्सर धरू पाहतोय का, ते यावरून आधीच कळतं."

"दुखायच्या आधी?"

"दुखायला लागल्यावर बहुतेकदा उशीर झालेला असतो. तुमचंही घेऊ?"

"मला काय झालंय? रोज डोंगर चढती म्या." पण नजर काचेवरून हलेना. "घ्या. पर काचंवर काय दिसतं ते मला दावायचं."

लाजेनं तिनं पदर तोंडावर ओढून घेतला, पण तपासून घेतलं.

पुढच्या महिन्यात दोघी पुन्हा भोरला गेल्या, तेव्हा बनाबाई औषधानं बरी झाली होती. खोट निघाली ती सोजराबाईच्या काचेत. डॉक्टरीणबाईंनी शब्द पाळला. हिवतापाचं रक्त तपासायच्या दुर्बिणीखाली त्यांनी आधी बनाबाईची काच लावली, मग सोजराबाईची. सोजराबाई बराच वेळ डोळा लावून बसली.

"तिच्यात बारीक ठिपके हाईत. माझ्यात लई मोठे, काळेभोर."

"हा अजून रोग नाही. पण असंच ठेवलं तर होऊ शकतो. पुण्याला येऊन तेवढा भाग काढून घ्या."

घरी हे ऐकून तिचा नवरा, सावळा, चिडला. "दुखत न्हाई, खुपत न्हाई, आन् पुण्याला जाऊन कापून घेतीस?"

"तुमी बघितलं न्हाई. म्या बघितलंय."

दोन दिवस तो मेंढरांमागे रानातच राहिला. तिसऱ्या दिवशी मेंढरं भावाकडे सोपवून तोच तिला पुण्याला घेऊन गेला. ऑपरेशन लहानच होतं. बाराव्या दिवशी ती वाड्यावर परतली.

त्यानंतर दरवर्षी ती भोरला जाऊन तपासून यायची. १९६०ला तिच्यासोबत वाड्यावरच्या चार बाया निघाल्या. त्यांतली बयाबाई तेवढी लाजून ओढ्यापासूनच माघारी फिरली.

त्या वर्षी दुर्बिणीखालच्या आपल्या काचेत बारीकच ठिपके बघून सोजराबाईनं विचारलं, "बाई, हे ठिपके मोठे होत्यात कशानं?"

"ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही."

सोजराबाईला मोठं नवल वाटलं. तिनं पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला.